नमुना आकार : एक?

एम.ए.च्या लघुप्रबंधाला सीरियल किलर घेतला म्हटलं की लोक विचारतात, रात्री झोप लागते का. लागते. झोप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे : रूपरेषेच्या फॉर्मवरचा ‘नमुना आकार व नमुना निवड पद्धत’ हा रकाना. सिद्धांत वाचणं, अहवाल मिळवणं, प्रकरणं लिहून काढणं, सगळं बिनबोभाट झालं. घोडं पेंड खात बसलं ते या रकान्यात. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून निदान पुढच्यांचा वेळ तरी वाचावा.

फॉर्म बनवलाय सर्वेक्षणासाठी. शंभर विद्यार्थी, एक प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, असा अभ्यास त्यात चपखल बसतो. एका खुन्याचा बसत नाही. ‘१’ लिहिलं की शेरा येतो ‘नमुना अपुरा’. रकाना मोकळा सोडला की ‘अपूर्ण’. ‘लागू नाही’ लिहिलं की ‘स्पष्टीकरण द्यावे’. रूपरेषा मंजूर करणारी समिती बसते महिन्यातून एकदा, म्हणजे दोन शब्दांच्या शेऱ्याची किंमत एक महिना. त्याच पानावर खाली छापलंय, ‘प्रतिसादकांची लेखी संमती जोडावी’. आमच्याकडचे प्रतिसादक म्हणजे खून झालेली माणसं आणि तुरुंगात गळफास घेऊन मेलेला त्यांचा डॉक्टर.

मी घेतलेलं प्रकरण डॉ. हॅरॉल्ड शिपमनचं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला फॅमिली डॉक्टर. डायमॉर्फिनची, म्हणजे औषधी हेरॉइनची, इंजेक्शनं देऊन स्वतःचेच रुग्ण मारायचा, बहुतेक म्हाताऱ्या बायका. जून १९९८ मध्ये ८१ वर्षांच्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर तिचं बनावट मृत्युपत्र पुढे आलं, वकील असलेल्या मुलीला संशय आला आणि सप्टेंबरात त्याला अटक झाली. ३१ जानेवारी २००० रोजी १५ खुनांसाठी जन्मठेप. १३ जानेवारी २००४ रोजी वेकफील्डच्या तुरुंगात आत्महत्या. न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशी आयोगाने २००२ ते २००५ या काळात सहा अहवाल दिले आणि ते ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब-संग्रहात फुकट वाचता येतात. प्रकरण निवडताना हा निकष सगळ्यांत वर ठेवा. खुनी किती गाजलाय याला महत्त्व नाही. प्रत्येक मृत्यूबद्दल स्वतंत्र, तपशीलवार, सार्वजनिक कागद आहे का, ते पाहा. वर्तमानपत्री कात्रणांवर उभा केलेला प्रबंध तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

आता तो रकाना. तो सुटतो एका वाक्याने, पण ते वाक्य कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत नाही. विश्लेषणाचं एकक खुनी नव्हे, घटना. प्रत्येक मृत्यू ही एक नोंद. असं ठरवलं की नमुना एकाचा २१५ (आयोगाने खून ठरवलेले मृत्यू) होतो, समितीचा शेरा गळून पडतो आणि, खरं सांगायचं तर, अभ्यासही सुधारतो. कारण एकक ‘माणूस’ ठेवलं की सगळे एकाच वाटेने जातात : बालपण, आई, मानसिक आघात. शिपमन १७ वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, त्याची आई कॅन्सरने गेली. डॉक्टर घरी येऊन तिला मॉर्फिन द्यायचे. हे वाचलं की लिहिणाऱ्याचे हात शिवशिवतात. पण आई अशी गेलेली मुलं हजारोंनी असतात, आणि तपासून पाहण्याजोगं त्यात काही नाही. वर शिपमनने शेवटपर्यंत कबुली दिली नाही, स्पष्टीकरण दिलं नाही. म्हणून साइक्स आणि मॅट्झा यांचा १९५७ चा न्यूट्रलायझेशनचा सिद्धांतही बाद. गुन्हेगार स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतो हे त्यात पाहायचं असतं, आणि इथे त्याच्या तोंडचा शब्दच नाही. सिद्धांताला ज्या प्रकारचा पुरावा लागतो तो आपल्या फाइलीत नसेल तर तो सिद्धांत कितीही आवडता असो, सोडून द्यायचा.

घटना हे एकक धरलं की कोहेन आणि फेल्सन यांचा १९७९ चा रूटीन ॲक्टिव्हिटी सिद्धांत कामाला येतो. गुन्ह्याला तयार असलेला माणूस, सोयीचं लक्ष्य, आणि धड राखणदार नसणं : ही तिन्ही एका वेळी एका जागी आली की गुन्हा घडतो. शिपमनच्या बाबतीत मजा अशी, की तिसरी बाजू स्वतःलाच छेद देते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा दुपारचा राखणदार म्हणजेच घरी आलेला डॉक्टर. सिद्धांत इथे करकरतो, आणि प्रबंधाचं सगळ्यांत चांगलं प्रकरण त्या करकरीतूनच निघतं. डॉक्टरवर राखण कोणाची होती, हा प्रश्न धरून अहवाल वाचले तर ते आपोआप वाटले जातात. पहिला मृत्यूंचा. दुसरा मार्च १९९८ मधल्या फसलेल्या पोलीस तपासाचा. तिसरा मृत्यूच्या दाखल्यांचा. चौथा औषधांच्या ताब्याचा. पाचवा वैद्यकीय परिषद आणि तक्रारींच्या यंत्रणेचा. सहावा आधीच्या, हॉस्पिटलातल्या वर्षांचा आणि राहिलेल्या बाबींचा. चौथा चाळून सोडू नका. शिपमनला १९७६ मध्ये पेथिडीन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकासाठी खोटी प्रिस्क्रिप्शनं लिहिल्याबद्दल दंड झाला होता, तरी परवाना शाबूत राहिला, आणि पुढे डायमॉर्फिन तो रुग्णांच्याच नावावर मिळवत गेला. कॅन्सरचा रुग्ण गेल्यावर घरात उरलेल्या ॲम्प्यूल ‘नष्ट करतो’ म्हणून उचलायच्या, हा त्यातलाच एक मार्ग.

रकाना भरताना २१५ लिहिलं की दुसरा शेरा तयार असतो : ‘आकडा न्यायालयीन निकालाशी जुळत नाही’. जुळणारच नाही. १५ हा न्यायालयाचा, वाजवी शंकेपलीकडे सिद्ध झालेला. २१५ हा पहिल्या अहवालातला, आयोगाने ज्यांच्या खुनाबद्दल निष्कर्ष काढला त्यांचा (१७१ स्त्रिया, ४४ पुरुष). आणखी ४५ प्रकरणांत दाट संशय. २३६ हा प्रा. रिचर्ड बेकर यांनी २००१ मध्ये आरोग्य खात्यासाठी केलेल्या ऑडिटमधला, अपेक्षेपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा सांख्यिकी अंदाज. तो नावानिशी नाही. सहाव्या अहवालात एकूण अंदाज २५० च्या आसपास गेला. चारही आकडे, प्रत्येकाचा निकष, आणि आपण कुठला घेतला व का, हे चार ओळींत रूपरेषेतच लिहा. मग समिती तिथे थांबत नाही.

थांबायला हवं ती जागा वेगळीच आहे, आणि तिथे समितीने हूं की चूं केलं नाही. २१५ हे सगळे खूनच. तुलनेला खून नसलेले मृत्यू हवेत, नाही तर ‘बहुतेक बळी एकटे होते’ या वाक्याला अर्थ नाही, कारण एकटे राहणारे म्हातारे नैसर्गिकरीत्याही मरतात. पहिल्या अहवालात नैसर्गिक ठरवलेले मृत्यूही आहेत, म्हणून तोच तुलनागट घ्यावा असं वाटतं. तिथे खड्डा आहे. मृत्यू खून की नैसर्गिक हे ठरवताना आयोगाने याच खुणा पाहिल्या होत्या : घरी, दुपारी, खुर्चीत कपड्यांनिशी बसलेल्या अवस्थेत, अचानक, डॉक्टर नुकताच येऊन गेलेला. ज्या खुणांवरून गट पाडले त्याच खुणा गटांत वेगळ्या आढळल्या, असं सांगणं म्हणजे स्वतःभोवती गिरकी घेणं. वेळ आणि एकटेपणा यांसाठी बेकरचं ऑडिट वापरा. त्यात शिपमनच्या रुग्णांची तुलना इतर डॉक्टरांच्या रुग्णांशी आहे. मृत्यूच्या वेळी नातेवाईक किंवा सांभाळणारं कुणी हजर असण्याचं प्रमाण इतरांकडे सुमारे ८० टक्के, शिपमनकडे सुमारे ४०. डॉक्टर स्वतः हजर असण्याचं इतरांकडे एक टक्क्याहून कमी, त्याच्याकडे सुमारे १९. एवढ्या दोन ओळींवर राखणदाराचं अख्खं प्रकरण उभं राहतं.

आयोगाच्या आकड्यांवर गिरकी न घेता तपासता येते ती गोष्ट म्हणजे प्रॅक्टिस, म्हणजे त्या वेळी तो कुठल्या दवाखान्यात होता. परिकल्पना अशी : राखण कमी झाली की खून वाढतील. शिपमन १९७७ पासून डॉनीब्रूक हाउस या अनेक डॉक्टरांच्या दवाखान्यात होता, १९९२ मध्ये मार्केट स्ट्रीटवर एकट्याचा दवाखाना थाटला. २१५ पैकी १९७५ मधला एक टॉडमॉर्डन गावातल्या आधीच्या प्रॅक्टिसचा, ७१ डॉनीब्रूकच्या काळातले, १४३ मार्केट स्ट्रीटचे. साधारण वर्षाला पाच, आणि नंतर वर्षाला चोवीसच्या घरात. १९९१ मध्ये एकही नाही, १९९३ मध्ये १६, १९९७ मध्ये ३७.

पण लगेच विजयी मुद्रा करू नका. अंत्यदहनाचे फॉर्म १५ वर्षं जपायचा नियम होता, त्यामुळे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे बरेच कागद चौकशीच्या आधीच नष्ट झालेले. जुन्या वर्षांतले आकडे थोडे कमीच धरले गेले असणार. म्हणून तुलना १९८५ नंतरच्या वर्षांपुरती ठेवा. वाढ तरीही टिकते. दुसरी हरकत : सवयीने खून वाढतच जातात, एकट्याच्या दवाखान्याचा काय संबंध? तसं असतं तर चढ सलग दिसला असता. इथे १९९१ मध्ये शून्य आहे, मग उडी, आणि १९९४ मध्ये पुन्हा घसरण, ११ वर. त्या वर्षी फेब्रुवारीत एक रुग्ण इंजेक्शननंतर लगेच दगावली नाही. हॉस्पिटलात १४ महिने शुद्धीवर न येता पडून होती. पकडलं जाण्याची भीती वाढली आणि हात आखडला, हे कॉर्निश आणि क्लार्क यांच्या रॅशनल चॉइसशी (गुन्हेगार फायदा आणि धोका तोलून वागतो, हा सिद्धांत) जुळतं. मला विचाराल तर रूटीन ॲक्टिव्हिटीच्या जोडीला हा एकच सिद्धांत घ्या. तीन-चार सिद्धांतांची खिचडी केली की कुठलाच खोटा ठरू शकत नाही, आणि खोटा ठरू न शकणारी परिकल्पना फॉर्मवर शोभून दिसते इतकंच.

आठवलं म्हणून : कोडिंग शीट आधी करा, वाचन मागाहून. रकाने हे : तारीख, वार, वेळ (दोन-दोन तासांचे टप्पे), जागा, एकटी राहत होती का, शेवटचं कोणी पाहिलं, प्रेत कोणाला सापडलं, दाखल्यावरचं कारण, दहन की दफन, कुठल्या प्रॅक्टिसचा काळ. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांना वेगळे कोड द्या. हे एकत्र केले की सगळे निकाल फुगतात. नोंदीची तारीख आणि नोंद प्रत्यक्ष केव्हा झाली, हे दोन स्वतंत्र रकाने ठेवा. शिपमन रुग्णाच्या मृत्यूनंतर संगणकावर मागच्या तारखेने हृदयविकाराची लक्षणं टाकायचा आणि खरी वेळ हार्ड डिस्कवर उमटायची. पोलिसांनी त्याला तिथेच गाठलं. वीसेक नोंदी दुसऱ्या कोणाकडून तुमचा तक्ता न दाखवता कोड करून घ्या आणि कोहेनचा कप्पा काढा (दोघांचे कोड किती जुळतात याचं माप; हा कोहेन वेगळा). ‘साधनाची विश्वसनीयता’ हा रकाना त्याने भरतो.

संमतीच्या रकान्यात लिहायचं ते असं : ‘दुय्यम, सार्वजनिक दस्तऐवज, प्रतिसादक नाहीत, बळींची नावे न वापरता क्रमांक वापरले जातील.’ आणि खरंच क्रमांक वापरा. त्यांची मुलं-नातवंडं हयात आहेत.

संघटित-असंघटित (आखून मारणारा आणि भरात मारणारा) खुनी हे वर्गीकरण प्रास्ताविकात घालायचा मोह प्रत्येकाला होतो, मालिकांमधून ते डोक्यात बसलेलं असतं. २००४ मध्ये डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी १०० अमेरिकन सीरियल किलर्सच्या खुनांवर ते तपासलं, तेव्हा असे दोन सुटे गट दिसलेच नाहीत. एका परिच्छेदात नोंदवून पुढे चला. व्याख्येवरही पानं घालवू नका. दोन किंवा अधिक बळी, वेगवेगळ्या वेळी, तोच गुन्हेगार : एफबीआयच्या २००५ च्या परिसंवादातली ही व्याख्या पुरते.

तोंडी परीक्षेत ‘त्याने का मारलं?’ हे येणारच. उत्तर तयार ठेवा : या अभ्यासाची परिकल्पना हेतूबद्दल नाही, इतकी वर्षं मारत राहणं शक्य कसं झालं याबद्दल आहे. पुढचा प्रश्न दाखल्यांवर येतो, म्हणून तिसरा अहवाल नीट वाचून जा. दहनासाठी फॉर्म बी मृताचा डॉक्टर भरायचा, फॉर्म सी दुसऱ्या, स्वतंत्र डॉक्टरने भरायचा. म्हणजे कागदावर राखणदार होता. पण हा दुसरा डॉक्टर सहसा पहिल्याचंच ऐकून सही करायचा, नातेवाइकांना विचारायचा नाही. असे फॉर्म सही करून करून शेजारच्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांना आकडा खटकला आणि मार्च १९९८ मध्ये त्या कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेल्या. पोलिसांनी तपास केला, काही हाती लागलं नाही म्हणून मिटवला, आणि अटकेआधी आणखी तीन खून झाले.

नव्या नियमांत, २००९ पासून, त्या फॉर्मना ४ आणि ५ असे क्रमांक मिळाले आणि पुढे दुसरा फॉर्म बंदच झाला. सप्टेंबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ते काम कायद्याने मेडिकल एक्झामिनरकडे, म्हणजे मृत्यूचं कारण स्वतंत्रपणे तपासणाऱ्या डॉक्टरकडे, आहे. संदर्भ शोधताना ‘फॉर्म सी’ आणि ‘फॉर्म ५’ दोन्ही टाका, नाही तर निम्मे लेख सापडत नाहीत.