तांबूच्या वाटीतले पाणी

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमचा कुत्रा तांबू नेहमीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागला, तेव्हा यंदा उन्हाळा लवकर लागला एवढाच अर्थ मी काढला आणि दिवसातून दोनदा भरायची वाटी चारदा भरू लागलो. एप्रिलअखेर त्याने भाकरी सोडली, तेव्हा रक्ततपासणीत त्याची मूत्रपिंडे निकामी होत आल्याचे कळले. सलाईनवर आणखी १९ दिवस गेले. तो १३ वर्षांचा होता.

शेवटच्या सकाळी पशुवैद्य कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आले. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, त्याचे डोळे उघडेच राहतील, प्राण गेल्यावरही एखादा श्वास घेतल्यासारखे वाटेल, हे सगळे त्यांनी आधीच शांतपणे सांगितले होते. तसेच झाले. होकार मी दिला होता, आणि माझ्या मांडीवरचे त्याचे डोके अचानक जड झाले ते मला अजून जाणवते. औषधाचा अंश शरीरात राहतो आणि ते उकरून खाणाऱ्या प्राण्याला विषबाधा होऊ शकते, म्हणून खड्डा खोल घ्या, असे त्यांनी बजावले. त्यामुळे वडणग्याला मामांच्या उसाच्या बांधावर आम्ही चार फूट खणले आणि रिवाजाप्रमाणे मीठ टाकून त्याला पुरले.

ऑफिसात रजेच्या अर्जावर मी ‘घरगुती अडचण’ असे लिहिले. खरे कारण कळल्यावर एक सहकारी म्हणाले, ‘‘कुत्रंच न्हवं? दुसरं आणा की.’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, तरी त्यानंतर मी हा विषय कोणापुढेही काढला नाही. माणूस गेले तर सुतक असते, दहावा असतो, चार माणसे येऊन बसतात. इथे तिसऱ्या दिवशी मी मार्चअखेरचा हिशेब जुळवत होतो. ज्या शोकाला समाज शोक मानत नाही, त्याला केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये वेगळे नाव दिले, हे वाचून मला विलक्षण हायसे वाटले. त्याउलट शोकाच्या सुप्रसिद्ध पाच अवस्थांत स्वतःला बसवू पाहण्यात माझे दोन आठवडे फुकट गेले. १९६९ मध्ये एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या मांडल्या त्या स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून, हे मला फार उशिरा कळले.

वाटीचा सल मात्र वाचनाने गेला नाही. महिन्याभराने मी पुन्हा त्याच पशुवैद्यांकडे गेलो आणि मार्चमध्येच आणले असते तर काय झाले असते, असे सरळ विचारले. लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडांची शक्ती आधी जाते, म्हणून जनावर जास्त पाणी पिते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, रक्तात वाढून दिसेपर्यंत साधारण ७५ टक्के काम थांबलेले असते आणि ते परत मिळत नाही, असे त्यांनी समजावले. कदाचित काही महिने मिळाले असते, हेही त्यांनी लपवले नाही. या ‘कदाचित’मुळेच मला बाकीचे खरे वाटले, नुसते सांत्वन केले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

पहाटे त्याला घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाण्याचा आमचा शिरस्ता होता; ती वाट मी टाळली होती. जूनमध्ये गेलो तेव्हा धार काढणाऱ्या गवळीकाकांनी विचारले, ‘‘पावणा दिसंना वो?’’ मी सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि तो ग्लासात तोंड घालायचा ती गोष्ट शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. मी म्हशीआड तोंड करून रडलो. घराबाहेर रडण्याची ती पहिलीच वेळ होती.

आई दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाते. तांबू गेला त्या वेळी तिने घरच्या दत्ताच्या तसबिरीतल्या चारही कुत्र्यांना हळदकुंकू लावले. बोलली काही नाही. तांबूचा पट्टा दाराच्या खुंटीवर होता आणि तो काढावा की ठेवावा, हे मला ठरवता येत नव्हते. दिवाळीच्या साफसफाईत तो जागेवर दिसला नाही म्हणून मी घाबरून विचारले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘‘भावजी, धुऊन वाळत घातलाय.’’ संध्याकाळी त्यांनी तो पुन्हा त्याच खुंटीला अडकवला.