तुम्ही विचारलंत म्हणून: विषाणू सजीव आहे का?

वनस्पतिरोगशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गात विचारतात तसा बांधावरही विचारतात: "सर, विषाणू जिवंत असतो का?" असतो, असं माझं मत आहे. पण पेशीबाहेर पडलेल्या कणाकडे बघून ते पटायचं नाही.

'नाही' म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे, आणि ती तंबाखूच्या पानातूनच आली. तंबाखूवर मोझॅक रोग (पानांवर फिकट-गडद ठिपके) आणणाऱ्या विषाणूचे रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्ली यांनी १९३५ साली स्फटिक बनवले. ते पाण्यात विरघळवून पानावर चोळले की रोग पुन्हा हजर. पुढे १९५५ मध्ये फ्रँकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स या शास्त्रज्ञांनी त्याचं प्रथिन आणि आरएनए (आनुवंशिक माहिती धरणारा रेणू) वेगळे केले, परत एकत्र मिसळले. कण आपसूक जुळून आले आणि पानांना लागण करू लागले. सुटे भाग करून पुन्हा जोडता येतो, त्याला जीव कसं म्हणायचं? या आक्षेपाला मी आजही मान देतो.

पण ही सगळी तपासणी कणाची झाली, आणि कण ही विषाणूची फक्त प्रवासातली अवस्था. पेशीत शिरला की तो कण उरतच नाही. आवरण सुटतं, आरएनए मोकळा होतो, पेशीतले रायबोसोम त्याची प्रथिनं बनवू लागतात. त्यातलं एक प्रथिन शेजारच्या पेशीकडे जाणारे सूक्ष्म मार्ग रुंद करतं आणि विषाणू पुढे सरकतो. नकला होताना चुका होतात, त्यातल्या उपयोगी टिकतात. म्हणून तर रोगाला दाद न देणारं वाणही पुढे कधी बळी पडतं. एवढं करणाऱ्याला निर्जीव म्हणायला माझं मन धजत नाही.

भेंडीवरच्या केवड्याला (विषाणूमुळे पानं पिवळी पडण्याचा रोग) औषध मागायला लोक येतात, तेव्हाही हेच समजावतो. बुरशीनाशक बुरशीच्या स्वतःच्या यंत्रणेवर घाव घालतं. केवड्याचा विषाणू राबवतो ती यंत्रणा तुमच्या भेंडीचीच; फवारणार कशावर? रोगट झाड उपटा, विषाणू पसरवणारी पांढरी माशी आवरा.

अमिबात वाढणाऱ्या मिमिव्हायरस या महाकाय विषाणूची ओळख २००३ साली पटली. त्याचा जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, सुमारे बारा लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या), काही जिवाणूंपेक्षाही मोठा. त्याच्या नात्यातले विषाणू पुढे मुंबईत पवई तलावाच्या पाण्यातही सापडले. २००८ मध्ये तर अशा महाकाय विषाणूची वाढ बिघडवणारा छोटा विषाणू, स्पुटनिक, सापडला. ज्याला रोग होतो, तो निर्जीव कसा?

विद्यार्थी मग हमखास व्हायरॉइडवर येतात, म्हणजे रोग आणणाऱ्या नुसत्या आरएनएच्या तुकड्यावर. बटाट्याच्या व्हायरॉइडमध्ये साधारण ३५९ न्यूक्लिओटाइडचा (आरएनएचे एकेक दुवे) आरएनए, बस. आवरण नाही, एकही प्रथिन बनवण्याची माहिती त्यात नाही, तरी बटाटे लांबट, वेडेवाकडे होतात. त्याला सजीव म्हणायला मात्र मी अजून तयार नाही.