झाकण लावून काढलेले फोटो

मृग नक्षत्रातला तेजोमेघ माझ्या छोट्या दुर्बिणीतून पहिल्यांदा पाहिला तेव्हा काचेला बोट लागलंय असं वाटून मी ती पुसली. पुन्हा डोळा लावला. डाग तिथेच! बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तो करडा डाग म्हणजे सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूरचा, नवे तारे जन्माला घालणारा ढग.

डोळ्याला साठवणं जमत नाही. क्षणभर पाहिलं की पाटी कोरी. शिवाय अंधारात त्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ निजलेल्याच. कॅमेरा मात्र थेंबे थेंबे तळं साचवतो. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, तो याच ढगाचा, आणि त्यासाठी ५१ मिनिटं प्रकाश साठवला. एवढा धीर माझ्या स्टँडला नाही. आकाश तासाला १५ अंश सरकतं आणि मोटर त्याच्यामागे दुर्बीण फिरवते खरी, पण अर्ध्या मिनिटानंतर ताऱ्यांच्या अळ्या होतात. म्हणून तीस-तीस सेकंदांचे १२० फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचायचे. ढग प्रत्येक फोटोत तोच असतो. रवाळपणा दर वेळी वेगळा, म्हणून सरासरीत विरत जातो. पण चौपट फोटो काढावेत तेव्हा कुठे तो निम्मा होतो. हा व्यवहार तोट्याचाच.

खरी गंमत शेवटी. कॅमेऱ्याचे स्वतःचेही काही चुकार ठिपके असतात. ते वजा करायला दुर्बिणीला झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे आणखी वीस फोटो काढावे लागतात. गेल्या खेपेला घरातून विचारणा झाली,

"अजून काय काढतेस?"

"अंधार."

"दिसतोय?"

"झाकण लावलंय."

दार हळूच बंद झालं.

रचलेला फोटो आधी काळाच दिसतो. फिकट भाग जपून उजळत नेला की पंखासारखा गुलाबी ढग वर येतो. तो हायड्रोजनचा तांबडा उजेड. "रंग तू भरलास ना?" असं प्रत्येक जण विचारतो. रंग तिथलाच आहे, मी फक्त आवाज वाढवला. मधले चार तारे मात्र त्या भरात पांढऱ्या भगभगाटात बुडाले. त्यांच्यासाठी दोन-दोन सेकंदांचे वेगळे फोटो काढायला हवे होते.

आणि वरच्या कोपऱ्यात एक गोल करडा डाग आहे. तो खरोखरच काचेवरचा.