यीजिंगसाठी पुस्तकं शोधताना

यीजिंग म्हणजे भविष्य विचारायचा प्राचीन चिनी ग्रंथ. माझ्याकडे तो पहिल्यांदा आला तो डबीतून. चाळिसाव्या वाढदिवसाला ऑफिसातल्या मैत्रिणींनी दिलेला संच. मध्ये चौकोनी भोक असलेली तीन पितळी नाणी आणि तळहाताएवढं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक. नाणी सहा वेळा टाकायची, दर वेळी एक रेघ काढायची, सलग किंवा तुटक, खालून वर. चौसष्ट आकृत्यांपैकी जी जमेल तिचं पान वाचायचं. माझ्या पानावर नोकरी, प्रेम, पैसा, आरोग्य असे चार परिच्छेद होते, रविवारच्या पुरवणीतल्या राशिभविष्यासारखे. शेजारचं पान उघडलं, तिथेही तेच. मूळ ग्रंथातलं एक वाक्यसुद्धा कुठे नव्हतं.

माझा भविष्यावर विश्वास नाही. पण ज्या ग्रंथावर चीनमध्ये दोन हजार वर्षं भाष्यांवर भाष्यं लिहिली गेली, त्यात एवढंच असेल हे पटेना. म्हटलं, मूळ काय आहे ते तरी बघू.

पहिली ठेच नावाची. ‘आय चिंग’ आणि ‘यीजिंग’ ही एकाच नावाची जुनी आणि नवी रोमन स्पेलिंगं, त्यामुळे दोन्ही टाकून शोधावं लागतं. शिवाय ‘झोउ यी’ म्हणजे त्यातला सर्वात जुना गाभा, हे कळेपर्यंत मी ते वेगळंच पुस्तक समजत होते. दुसरी ठेच पैशाची. जेम्स लेगचा जुना इंग्रजी अनुवाद स्वस्तात दिसला म्हणून ऑनलाइन मागवला. आला तर रेघांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं! कुणीतरी जुनी प्रत स्कॅन करून, ती संगणकाला वाचायला लावून, डोळ्याखालून न घालता छापून मोकळा झाला होता. ज्या ग्रंथात रेघा हेच सर्वस्व, त्यात रेघाच नाहीत. परत करायची मुदत टळून गेली होती. आता त्यावर टेबलफॅन ठेवते.

तोच अनुवाद धड स्वरूपात मिळाला तो ग्रंथालयात. मॅक्स म्युलरच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेचा हा सोळावा खंड, १८८२ चा. मोतीलाल बनारसीदासनं ती माला पुन्हा छापली आहे, त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात उपनिषदांच्या शेजारी हा चिनी पाहुणा सापडू शकतो. लेगनं पहिला खर्डा १८५४-५५ मध्येच पुरा केला होता, आणि तेव्हा आपल्याला या ग्रंथाचं फारसं कळलं नव्हतं, असं तो प्रस्तावनेत सरळ लिहितो. पुढे १८७० मध्ये ती बाडं तांबड्या समुद्राच्या पाण्यात महिनाभर भिजली आणि मोठ्या कष्टानं वाचवावी लागली. अशी कबुली देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. भाषा मात्र खडबडीत, आणि पदोपदी कंसात घातलेले त्याच्या पदरचे शब्द. त्याची सर्वात मोठी सोय म्हणजे मूळ पाठ आणि ‘दहा पंख’ म्हणून ओळखली जाणारी नंतरची परिशिष्टं त्यानं वेगवेगळी ठेवली आहेत. ही सोय किती मोलाची, ते पुढचं पुस्तक हातात आल्यावर कळलं.

पुढचं पुस्तक म्हणजे रिचर्ड विल्हेल्मचं. हा जर्मन मिशनरी, चीनमधल्या चिंगदाओला राहणारा. लाओ नाइश्वान नावाच्या जुन्या वळणाच्या पंडितानं त्याला हा ग्रंथ शिकवला. लाओ चिनीतून समजावून सांगायचे, विल्हेल्म टिपणं घेऊन जर्मन करायचा, मग मूळ बाजूला ठेवून आपल्या जर्मनवरून पुन्हा तोंडी चिनी करून दाखवायचा आणि लाओ ते ताडून बघायचे. १९२४ मध्ये ते जर्मनमध्ये छापलं गेलं, १९५० मध्ये केरी बेन्सनं इंग्रजी केलं, मानसशास्त्रज्ञ युंगची प्रस्तावना मिळाली आणि पाश्चात्त्य जगात यीजिंग म्हणजे हेच पुस्तक होऊन बसलं. वाचताना खरंच कुणीतरी वडीलधारं शेजारी बसून बोलतंय असं वाटतं. पण रचना अशी की एकाच आकृतीचा मजकूर पहिल्या भागात एकदा आणि तिसऱ्या भागात पुन्हा. मी लाल आणि हिरव्या लोकरीच्या खुणा घालून वाचलं. शिवाय ‘प्रतिमा’ म्हणून प्रत्येक आकृतीखाली जे वचन येतं ते दहा पंखांतलं, म्हणजे मूळ पाठाच्या कितीतरी शतकं नंतरचं, पण पहिल्या भागात ते मूळ वचनाच्या मांडीला मांडी लावून बसतं. नवख्याला दोन्ही एकाच काळातलं वाटणार. मला तर वाटलंच.

मग मी एक चाळणी केली. नवं पुस्तक मिळालं की आधी पहिल्या आकृतीचं पहिलं वचन काढायचं. चारच शब्द: युआन, हंग, ली, जन्. शेवटच्या ‘जन्’वर बोट ठेवायचं. लेग म्हणतो ‘योग्य आणि ठाम’. विल्हेल्म म्हणतो ‘चिकाटी’. आणि रिचर्ड रटचं १९९६ चं पुस्तक उघडलं तर तिथे यातलं काहीच नाही. तिथे चार शब्दांचा मिळून अर्थ साधारण असा: मोठा नैवेद्य, कौल अनुकूल.

मी कोकणातली. कौल लावताना गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या लावतो आणि उजवी पडली की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, हे लहानपणापासून बघितलंय. त्यामुळे ‘कौल’ हा अर्थ वाचला आणि पुस्तक मांडीवर उलटं ठेवून पाच मिनिटं गप्प बसले. इतके दिवस ज्याला नीतीचं वचन समजत होते ती गुरवाच्या वहीतली नोंद निघाली!

लेग किंवा विल्हेल्म चुकले असं मात्र नाही. प्राचीन चीनमध्ये भविष्य विचारण्यासाठी तापवून तडकवलेल्या कासवाच्या पाठी आणि बैलांची हाडं, त्यांवरची कोरीव अक्षरं विद्वानांनी ओळखली ती १८९९ मध्ये. लेग १८९७ मध्येच वारला होता. त्या हाडांवर ‘जन्’ हा शब्द जागोजाग ‘कौल लावला’ या अर्थानं येतो. विल्हेल्मच्या वेळी हाडं माहीत झाली होती, पण लाओंनी त्याला परंपरेचा अर्थ शिकवला आणि त्या परंपरेनं कित्येक शतकं ‘जन्’ म्हणजे सचोटी, ठामपणा असंच वाचलं होतं. ‘फू’ची तीच गत: परंपरेत ‘प्रामाणिकपणा’, रटकडे ‘युद्धकैदी’. रट स्वतः कोरियात बिशप होता, पण अर्थाला धार्मिक मुलामा देत नाही.

एवढं कळल्यावर निवड सोपी झाली. पुस्तक चांगलं की वाईट हे विचारण्याआधी विचारायचं, हे कोणत्या शतकातलं यीजिंग आहे? रिचर्ड जॉन लिनचं १९९४ चं पुस्तक वांग बीच्या भाष्यानुसार आहे, म्हणजे तिसऱ्या शतकातलं. हा वांग बी ऐन पंचविशीच्या आत गेला आणि तरी पुढची कित्येक शतकं त्याच्या भाष्यावर चालली. एडवर्ड शॉनेसीचं पुस्तक चीनमधल्या मावांगदुईला सापडलेल्या, रेशमावर लिहिलेल्या प्रतीचं आहे. ती ख्रिस्तपूर्व १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यात होती आणि १९७३ मध्ये हाती लागली. बाराव्या शतकातला भाष्यकार चू शी हवा असेल तर जोसेफ अ‍ॅडलरचा २०२० चा अनुवाद. एकच पुस्तक घ्यायचं तर मी जॉन मिनफर्डचं सांगेन. त्यात एकाच बांधणीत दोन अनुवाद आहेत, आधी भाष्यपरंपरेचा आणि मग कांस्ययुगातल्या कौलाचा. मधूनच लॅटिन पेरायची त्याची खोड सोसावी लागते, तेवढं सोसावं. आणि या सगळ्यांच्या आधी रिचर्ड स्मिथनं लिहिलेलं या ग्रंथाचं छोटं चरित्र वाचावं. मी ते सगळ्यात शेवटी वाचलं, म्हणून सांगते.

दुसरी चाळणी बाबांमुळे मिळाली. बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. चौसष्ट आकृत्यांचा तक्ता बघून म्हणाले, “अगं, हा तर प्रस्तार आहे. सहा अक्षरांचा चरण, गुरु-लघूचे चौसष्ट भेद.” मग क्रम बघून वैतागले. प्रस्तारात एकातून दुसरा भेद नियमानं निघतो, इथे तसलं काही दिसेना. संध्याकाळपर्यंत वहीत रेघा मारत बसले आणि जोड्या शोधून काढल्या. एक आकृती उलटी धरली की पुढची मिळते, अशा अठ्ठावीस जोड्या. ज्या उलट्या धरूनही तशाच राहतात त्या आठांच्या चार जोड्या, सलगच्या जागी तुटक करून. हे पुस्तकात असतंच, पण बाबांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनीच विचारलं, “नाण्यांच्या आधी काय वापरायचे?” आधी वनस्पतीच्या पन्नास काड्या. एक बाजूला ठेवायची, एकोणपन्नासांचे दोन भाग करायचे, उजवीकडची एक करंगळीत धरायची, दोन्ही ढीग चार-चारनं मोजून उरलेल्या काढून घ्यायच्या. असं तीनदा केलं की एक रेघ, म्हणजे पुऱ्या आकृतीला अठरा वेळा. दोन्ही रीतींत बदलती रेघ, म्हणजे सलगची तुटक किंवा तुटकची सलग होणारी, येण्याची शक्यता वेगळी असते. काड्यांनी बदलती तुटक रेघ सोळांत एकदा, बदलती सलग सोळांत तीनदा. नाण्यांनी दोन्ही सोळांत दोनदा. जे पुस्तक फक्त नाणी सांगतं आणि हा फरक उडवून लावतं, ते मी खाली ठेवते. डबीतलं पुस्तक यातही नापास.

बाबांना अर्थातच करून बघायचं होतं. नव्या खराट्याचे पन्नास हीर मोजून काढले. पहिल्या फेरीत करंगळीतला धरून पाच किंवा नऊच उरायला हवेत. बाबांच्या हातात आठ आले.

“आठ कसे आले गं?”

पुन्हा मोजले. बाजूला ठेवलेला एक सोडून अठ्ठेचाळीसच होते. सोफ्याखाली बघितलं, सतरंजी झटकली. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “एक मी घेतलाय. इडली शिजली का बघायला. धुऊन घेतला हो.”