किल्ली माझ्या खिशात

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, रावेर तालुक्याच्या अंगाला, मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर मी बसतो. पहाटे क्रेट आणि बर्फ वाटायचा, सकाळी माल मोजायचा, पावत्या फाडायच्या. कोण कोणता क्रेट घेऊन पाण्यात गेला हे वहीत लिहिलेलं असतं. ही नोंद हिशेबासाठी. तिचा दुसरा काही उपयोग होईल असं ती वही छापणाऱ्यालाही वाटलं नसेल.

तापी आणि पूर्णा चांगदेवला मिळतात, त्याच्या खाली हे धरण. ४१ दरवाजे. हिवाळ्यात दरवाजे बंद, पाणी मैलोन्‌मैल पसरलेलं. लोक बदकं बघायला येतात, आमची माणसं जाळी उचलायला जातात. लाकडी होड्या थोड्यांकडे. बाकीचे ट्रकच्या ट्यूबवर. हजार-वीस मापाची जुनी ट्यूब घ्यायची, मधल्या भोकावर नायलॉनच्या दोरीची वीण करायची, वर गोणपाट टाकायचं, हवा भरायचा वॉल चिंधीनं बांधून टाकायचा, नाहीतर तो मांडी सोलतो. पाय पाण्यात, हातात दोन फळकुटं. झालं वाहन तयार. स्वस्त आहे, उथळ पाण्यात चालतं आणि खांद्यावर टाकून घरी नेता येतं. पण त्याला ना नाळ, म्हणजे पुढचं टोक, ना सुकाणू. एका हातानं जरा जास्त जोर लावला की ते जागच्या जागी फिरतं.

जानेवारीतली सकाळ होती. रात्रभर आभाळ निरभ्र, वारा पडलेला, केळीच्या बागांना पाणी दिलेलं. म्हणजे धुई, दाट धुकं, ठरलेलीच. सहाच्या सुमारास सगळे आत गेले तेव्हा पाण्यावर नुसती वाफ होती, वर चांदण्या दिसत होत्या. आत जाताना आबांनी अंगठ्यानं ट्यूब दाबून पाहिली आणि थोडी हवा भरून घेतली. दुपारी उन्हात टणक भरलेली ट्यूब पहाटेच्या गार पाण्यावर लिबलिबीत होते, हे नवीन पोरांना सांगावं लागतं. आबांच्या मागे दुसऱ्या ट्यूबवर त्यांचा नातू होता, कॉलेजला जाणारा, सुट्टीवर आलेला.

सात-सव्वासातला सूर्य उगवला आणि धुई उतरायच्या ऐवजी चढली. पुष्कळदा तसंच होतं. उन्हाची पहिली ऊब लागली की खालची हवा हलते आणि पाण्याला चिकटलेली धुई वर येते. हवामान खात्याच्या हिशेबात ५० मीटरच्या आत दिसेनासं झालं की ती अति दाट. मला काट्यावरून होड्या बांधायची खुंटी दिसत नव्हती, ती तर वीस पावलांवर आहे.

एकेक जण येऊ लागला. कुणी अर्ध्या मैलावर खाली लागला आणि काठानं चालत आला, कुणी नशिबानं बरोबर आला. साडेसातपर्यंत येणारी माणसं आठ वाजले तरी येतच होती. मग ओरडा सुरू झाला. तीन जण बेपत्ता, कुणी म्हणे पाच. मी वही आणि क्रेट जुळवले. दोनच क्रेट बाहेर होते, आबांचा आणि नातवाचा. तिसरा ज्याला म्हणत होते तो घरी शेकोटीपुढे बसलेला निघाला.

एव्हाना काठावर पन्नासेक माणसं, आणि प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणाहून "ओ आबा" म्हणून बोंबलतोय. आमच्याकडे एकाची इंजिनाची बोट आहे. तो लाइफ जॅकेट चढवून तयारच होता. "दहा मिन्टात घिऊन येतो भो, सरका."

मी बोटीची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

तो भडकला. आबांची सून समोर उभी, ती तर मला काय काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. तिच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. पण ट्यूबवरचा माणूस पाण्याबाहेर दिसतो किती? छातीपासून वर, दोन-अडीच फूट. बोटवाल्याला तो पाच-दहा मीटरवर येईपर्यंत दिसणार नाही, आणि इंजिनाच्या आवाजात त्याची हाक ऐकू येणार नाही. ट्यूबवाल्याला बाजूला होता येत नाही. खाली पंखा फिरतोय आणि त्याचे पाय पाण्यात आहेत. बेपत्ता माणसाला शोधायला गेलेली बोटच त्याच्यावर चढण्याची भीती मला धुईपेक्षा जास्त वाटत होती.

मासे न्यायला आलेला पिकअप उभा होता. ड्रायव्हरला म्हटलं, तोंड पाण्याकडे कर आणि हॉर्न दाब. पाच सेकंद लांब, मग इंजिनसुद्धा बंद. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, त्यानं कधीतरी सांगितलं होतं: समुद्रात १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. धुक्यात चालत्या इंजिनाच्या जहाजानं दोन मिनिटांच्या आत एकदा चार ते सहा सेकंदांचा भोंगा द्यायचा, आणि १२ मीटरपेक्षा लहान बोटीनंही निदान कसला तरी जोरदार आवाज त्याच अंतरानं करायचा. आमच्या तळ्याला कसला नियम! पण एकाच जागेहून, ठरावीक वेळानं आवाज आला तर माणसाला दिशा धरता येते, हे समजायला जहाज लागत नाही.

पन्नास माणसांना गप्प बसवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम. हॉर्न, शांतता. हॉर्न, शांतता. ड्रायव्हरनं न सांगता हेडलाइटही लावले. ते बंद करायला लावले, कारण उजेड धुईवरून उलटा आपल्याच डोळ्यात येतो.

किती वेळ गेला ते घड्याळात पाहिलं नाही. मग पाण्यावरून आवाज आला. टण्‌, टण्‌, टण्‌. पत्र्यावर लाकूड.

"हे खाली आहे," एक म्हणाला. "नाही, वर," दुसरा. धुईच्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड, वरची ऊबदार, त्यामुळे आवाज खाली वाकून लांबपर्यंत जातो आणि लांबचा आवाजही जवळचा वाटतो. एका जागी उभं राहून नुसत्या कानावर भरवसा ठेवता येत नाही. तरण्या कानांची दोन पोरं निवडली आणि एकमेकांपासून शंभरेक पावलांवर उभी केली. डोळे मिटायचे, टण् आला की हात करायचा. तीन-चारदा केलं तेव्हा दोघांचे हात बऱ्यापैकी तेच सांगू लागले. त्या दोन रेघा मिटत होत्या बुडालेल्या बाभळींकडे. धरण भरण्याआधी तिथं शेत होतं, बांधावरच्या बाभळींचे शेंडे अजून पाण्याबाहेर आहेत.

लाकडी होडी काढली. वल्ह्याची. जाळ्यांच्या दोऱ्या एकीला एक जोडल्या, एक टोक खुंटीला, दुसरं होडीला. दोघं गेले. दर थोड्या वेळानं थांबून ऐकायचे, काठावरून हॉर्न चालूच. परत येताना दोरी ओढत आले, मागे दोन ट्यूब बांधलेल्या.

आबांनी काय केलं होतं? काहीच नाही, आणि तेच बरोबर केलं होतं. नातवाला रेल्वेगाडीची शिट्टी ऐकू आली. त्याला वाटलं सावदा स्टेशनकडची, म्हणजे घर त्या बाजूला. तो निघालाच होता. पण आमच्या उत्तरेला भुसावळ-खंडव्याची लाइन आहे आणि दक्षिणेला भुसावळ-नागपूरची. शिट्टी वरणगावकडचीही असू शकते. तिच्या मागे गेला असता तर भर पाण्यात शिरला असता, नाहीतर घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला असता. आबा म्हणाले, "कुठी चालला? बस अठीच." दोन्ही ट्यूब एकमेकींना बांधल्या आणि बाभळीला दोरी टाकली, चांगली हातभर लांब, कारण काटा टेकला की ट्यूब गेली. हॉर्न ऐकू आला तेव्हा मासे ठेवायचा डबा रिकामा करून वाजवला. त्यातली वाम सुटून गेल्याचं दुःख त्यांना पुढे दोन दिवस होतं.

आबा कुडकुडत होते, ते मला बरं वाटलं. कुडकुडणं थांबून माणूस बडबडू लागला तर खरी भीती. नातू मात्र गप्प होता, ओठ निळसर. एकानं खिशातून क्वार्टर काढली. ती ठेवायला लावली. दारूनं कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं आणि आतली ऊब निघून जाते. ओले कपडे काढले, गोधडीत गुंडाळलं, हातपाय चोळू दिले नाहीत, शुद्धीत होता म्हणून गूळ घातलेला चहा घोटघोट पाजला. आणि तसाच गोधडीसकट पिकअपमध्ये घालून दवाखान्यात पाठवला. संध्याकाळी घरी आला.

त्यानंतर सोसायटीनं शिट्ट्या घेतल्या, दोरीत ओवून गळ्यात घालायच्या. धुईच्या दिवसांत क्रेटबरोबर शिट्टी दाखवल्याशिवाय मी बर्फ देत नाही. ट्यूबच्या कडेला ट्रकवर लावतात ती चमकणारी पट्टी चिकटवून पाहिली, ती पाण्यानं आठवड्यात सुटली. लाइफ जॅकेट घालायचं की नाही, हे भांडण मिटलेलं नाही. पट्ट्या आणि बकलं जाळ्यात अडकतात असं सगळ्यांचं म्हणणं. आबा म्हणाले, "तू घालून जाळं ओढ, मंग आमाले सांग." ओढलं. दोन बकलं अडकली, एक सोडवताना जाळं फाटलं. आता जॅकेटवरून घालायला बिनबटणाचा सैल सदरा शिवून बघायचं चाललंय. शिंपी म्हणतो, माप कुणाचं घेऊ?