पार्क म्हना की सरळ

दुपारी जेवून आडवा झालो होतो. टीव्हीवर लंडनची मॅच, आणि कॉमेंटेटरच्या तोंडी सारखं 'किया ओव्हल'. याआधी फॉस्टर्स ओव्हल झालं, एएमपी झालं, ब्रिट झालं. बिअर, पैसा, विमा, आता मोटार. इंग्लंडातली पहिली टेस्ट १८८० साली झाली, ते हेच मैदान.

आमच्या सोलापुरात पैसे मोजून मैदानाला कंपनीचं नाव लावायचा हा धंदा चालायचा नाही. कंपनीचे पैसे बुडतील. इथल्या स्टेडियमला इंदिरा गांधींचं नाव आहे. रिक्षावाल्याला ते सांगून बघा. "पार्क म्हना की सरळ!" पंतप्रधानांची ही गत, तिथं सिमेंटवाल्याला कोण विचारतो? जुनी मिल घ्या. कागदोपत्री सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. गिरणी त्यांची, नाव त्यांचं, तरी गावानं घेतलं नाही. गिरणी केव्हाच बंद पडली, पत्ता अजून जुनी मिलच.

लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून पार्कावर जायचो. खेळ फारसा कळत नसे, माझा जीव स्कोअरबोर्डात. एक पोरगा पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवायचा. एकदा सहा सापडेना, तर पठ्ठ्यानं नऊच उलटा करून सुतळीनं टांगला. वारा आला की तो फिरायचा आणि फलंदाजी करणाऱ्यांच्या तीन विकेट फुकट जायच्या. वडील शेंगा सोलत म्हणायचे, "तिकडं काय बघतोस रे, बॉल बघ." आजही मॅच लागली की माझे डोळे आधी कोपऱ्यातल्या आकड्यांवर जातात.

ह्यूस्टनच्या बेसबॉल मैदानाला एन्रॉननं ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलर कबूल करून आपलं नाव लावलं. हो, आपली दाभोळच्या वीज प्रकल्पवालीच. मैदान २००० साली उघडलं, २००१च्या डिसेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. क्लबनं २१ लाख डॉलर मोजून नाव सोडवून घेतलं. पाटी उतरवायलाही पैसे! आमच्याकडं पाटी कुणी वाचतच नाही, हे एक बरं.

बरं तरी कसं म्हणू? पार्कापासून जवळच चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत. आम्ही "चार पुतळ्यापाशी थांब" म्हणतो आणि पुढं जातो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवड्याला फाशी. पुतण्या रोज तिथूनच कॉलेजला जातो. परवा त्याला विचारलं. दोन नावं आली. तिसऱ्याला त्यानं मोबाइल काढला.