उणे ६४ ची अट

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी आमची छोटी टीम सध्या सर्व्हर एक्स८६ वरून, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवरून, आर्म या दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरवर हलवते आहे. कारण साधं आहे, भाडं. २०१८ च्या अखेरीस ॲमेझॉनने ग्रॅव्हिटॉन हा स्वतःचा आर्म प्रोसेसर आणला, मग इतरांनीही आणले, आणि आमच्यासारख्या कामाला ही मशीन्स स्वस्त पडतात. "रीकंपाइल करायचं आणि चढवायचं, त्यात काय एवढं?" असं मीटिंगमध्ये ठरलं. बराचसा कोड खरंच तसा चढला. जावाला काही झालं नाही, पायथनला नाही, डेटाबेसला तर नाहीच. उरला तो सी भाषेतला जुना गाभा. हे सगळं त्याच्याबद्दल.

चाचणीत एका पासबुकावर "चंद्रशेखर ब" आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन छापून आला. चाचणीच्या यादीतलं नाव होतं चंद्रशेखर बाळकृष्ण, आणि नावाचा रकाना ३२ बाइट्सचा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, मग ते अक्षर असो, काना असो, अनुस्वार असो की हलन्त. "चंद्रशेखर"मध्ये अशी ९ चिन्हं, म्हणजे २७ बाइट्स. मधल्या स्पेसचा १, "ब"चे ३. झाले ३१. उरलेल्या एका बाइटमध्ये "बा"च्या कान्याचा पहिला तुकडा शिरतो आणि दोन तुकडे बाहेर राहतात. इंग्रजी नावांत हा प्रश्नच येत नाही, तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट.

एक्स८६ वर हेच नाव इतकी वर्षं नीट कापलं जात होतं, कारण जुन्या कोडमध्ये एक अट होती: कापायच्या जागेवरचा बाइट उणे ६४ पेक्षा लहान असेल तर एक घर मागे या, आणि तसा नसलेला बाइट सापडेपर्यंत येत राहा. "क" घ्या. त्याचे तीन बाइट्स २२४, १६४ आणि १४९. हेच आकडे चिन्हासकट, म्हणजे साइन्ड म्हणून वाचले तर होतात उणे ३२, उणे ९२ आणि उणे १०७. पहिला बाइट उणे ६४ पेक्षा मोठा, पुढचे दोन्ही लहान. एका तुलनेत कळतं की आपण अक्षराच्या तोंडाशी आहोत की पोटात. युक्ती देखणी आहे, मला आजही आवडते.

पण एक बाइट साइन्ड धरायचा की अनसाइन्ड, हे सी भाषेच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही, ते कंपायलरवर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर सोडलंय. लिनक्समध्ये एक्स८६ वर तो साइन्ड, आर्मवर अनसाइन्ड. तिथे १४९ हा १४९ च राहतो, तो उणे ६४ पेक्षा लहान कधीच होत नाही, आणि अट गप्प बसते. एररही नाही, क्रॅशही नाही. याचं मूळ फार जुनं आहे. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत जी पहिली आर्म चिप घडवली, ती १९८५ मध्ये चालू झाली. त्या सुरुवातीच्या आर्ममध्ये बाइट मेमरीतून उचलताना त्याचं उणे चिन्ह सांभाळणारी सूचनाच नव्हती. ती चौथ्या आवृत्तीत आली. तोवर अनसाइन्ड धरणं स्वस्त पडायचं, आणि तोच शिरस्ता पुढे चालू राहिला.

यात आणखी एक गुंता. टीममधल्या दोघांकडे ॲपलच्या एम-वन चिपचे मॅकबुक आहेत, म्हणजे आर्मच. त्यांच्याकडे सगळ्या टेस्ट हिरव्या! ॲपलने आपल्या आर्मवर बाइट साइन्डच ठेवलाय, म्हणून. प्रोसेसर तोच, पण प्लॅटफॉर्म दुसरा.

ती अट लिहिणारे सर आता निवृत्त आहेत. मी त्यांना फोन केला.

"अगं, तेव्हा आपल्याकडे दुसरा प्रोसेसर होता कुठे?" ते म्हणाले. "पण साइन्ड असं स्पष्ट लिही आता. कंपायलरच्या फ्लॅगवर भागवू नकोस."

माझंही तेच मत होतं. जीसीसी या आमच्या कंपायलरला एक फ्लॅग दिला की आर्मवरही बाइट साइन्ड होतो आणि तासाभरात काम संपतं. पण मग हा कोड बरोबर चालण्याचं कारण कोडमध्ये न राहता मेकफाइलच्या, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलच्या, एका ओळीत जाऊन बसतं, आणि पुढच्या माणसाला ते दिसत नाही. आम्ही प्रत्येक जागा शोधून टाइप स्पष्ट लिहिला. वेळ लागला, पण लागू दिला.

दुसरी अडचण जास्त खोल होती. प्रोग्रॅमची कामं एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडमध्ये चालतात. एक थ्रेड खात्याची शिल्लक लिहितो आणि मग "तयार" असा झेंडा लावतो. दुसरा थ्रेड झेंडा पाहून शिल्लक वाचतो. एक्स८६ वर प्रोसेसरच्या एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते बाकीच्यांना दिसतं. आर्म ही हमी देत नाही. झेंडा आधी आणि शिल्लक मागून दिसू शकते. कधीतरी, लोड वाढल्यावर. पैशाच्या व्यवहारात "कधीतरी" चालत नाही, म्हणून असा प्रत्येक झेंडा आम्ही ॲटॉमिक केला, म्हणजे झेंडा दिसला की आधी लिहिलेली शिल्लकही दिसलीच पाहिजे. थ्रेड सॅनिटायझर हा तपासणीचा प्रोग्रॅम ही चूक एक्स८६ वरसुद्धा पकडतो. आर्मवर जाणार असाल तर निघण्याआधी तो चालवून घ्या.

याच मुद्द्यावर मला ॲपलच्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं. २०२० मध्ये इंटेलवरून स्वतःच्या चिपवर जाताना त्यांनी जुने इंटेलचे प्रोग्रॅम भाषांतर करून चालवणारं रोझेटा टू तर दिलंच, पण एम-वनमध्ये एक्स८६ चा तो मेमरीचा क्रम पाळणारा मोडही सिलिकॉनमध्येच घातला. भाषांतरित प्रोग्रॅम चालू असताना चिप जुनी शिस्त पाळते. जुन्या प्रोग्रॅमचं ओझं चिप बनवणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं! १९९४ मध्ये मोटोरोलाच्या ६८के प्रोसेसरवरून पॉवरपीसी प्रोसेसरवर जातानाही त्यांनी जुने प्रोग्रॅम चालवणारा एम्युलेटर दिला होता, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा भाग स्वतःच त्यावर चालत होता. २००५ च्या जूनमध्ये पॉवरपीसीवरून इंटेलवर जाण्याची घोषणा करताना स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितलं की मॅक ओएस टेनची प्रत्येक आवृत्ती गेली पाच वर्षं इंटेलसाठीही तयार होत होती. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही. आमच्याकडेही आता प्रत्येक कमिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल, दोन्ही प्रोसेसरवर बिल्ड होतो आणि पुढेही होत राहील, एक्स८६ चा शेवटचा सर्व्हर बंद झाला तरी.

उलट उदाहरण इटेनियमचं. इंटेल आणि एचपीने २००१ मध्ये आणलेल्या त्या प्रोसेसरवर जुने एक्स८६ प्रोग्रॅम रखडत चालायचे. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला, ६४ बिटचा आणि तरी जुने ३२ बिट प्रोग्रॅम पूर्ण वेगाने चालवणारा. लोक तिकडे गेले.

हे ओझं कायमचं कुणीच वाहत नाही, हेही खरं. पॉवरपीसीवरून इंटेलवर जाताना दिलेलं पहिलं रोझेटा २०११ मध्ये मॅक ओएस टेनच्या लायन आवृत्तीबरोबर गेलं. रोझेटा टू मॅकओएस २७ पर्यंत राहील आणि पुढे काही जुन्या गेम्सपुरता त्याचा थोडा भाग उरेल, असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय.

आमचा एक तुकडा मात्र अजून अडलाय. वार्षिक अहवालाची पीडीएफ बनवणारी लायब्ररी बाहेरून घेतलेली, फक्त एक्स८६ ची बायनरी. सोर्स आमच्याकडे नाही आणि विकणारी कंपनी कधीच बंद झाली. क्यूएमू हा एम्युलेटर लावून आर्मवर चालवून पाहिली. चालते, पण मार्चअखेरीचा भार तिला झेपणार नाही. म्हणून तेवढ्यासाठी एक एक्स८६ मशीन ठेवलंय, आणि तिची जागा घेणारा कोड मी लिहायला घेतलाय. तक्ते जमलेत. जोडाक्षरांची मांडणी हार्फबझ या अक्षरमांडणीच्या लायब्ररीकडे सोपवली आहे, ती पीडीएफमध्ये उतरवणं बाकी आहे.